सी.टी. स्कॅनची किरणमात्रा : आकडा कसा वाचावा?

आमच्या कमलनगर परिसरातील रुग्ण सी.टी. स्कॅनसाठी बहुधा उदगीर, बीदर वा लातूर येथे जातात. काही वर्षांपूर्वी एक आजोबा पाच वर्षांच्या नातवाचा जुनाट खोकला दाखविण्यास माझ्याकडे आले होते. निघताना म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तीस वर्षं बिडी ओढली मी. छातीचं स्कॅन करून घ्यावं म्हणतो. लेकराचं बी त्याच खेपेला उरकावं का?" प्रश्न दोन होते आणि त्यांची उत्तरे भिन्न होती.

आजोबांचा विचार रास्त होता. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत ५३ हजारांहून अधिक आजी-माजी धूम्रपानी व्यक्ती सहभागी होत्या. साध्या एक्स-रेच्या तुलनेत कमी मात्रेच्या सी.टी.मुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी घटले. तेथील सरासरी मात्रा १.५ मिलिसिव्हर्ट होती. नेहमीच्या छातीच्या सी.टी.त ती सातच्या आसपास असते. निसर्गातून मनुष्यास वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. मात्र आपल्याकडे जुन्या क्षयाचे व्रण गाठीसारखे भासतात व पुढील अनावश्यक तपासण्यांचा फेरा मागे लागू शकतो, हेही ध्यानी घ्यावे.

हीच तपासणी दोन ठिकाणी केल्यास मात्रा सारखी असेलच असे नाही. सात देशांतील सुमारे २० लाख स्कॅनच्या २०१९ मधील अभ्यासात असे आढळले की, ही तफावत यंत्राच्या बनावटीपेक्षा ते कसे चालविले जाते यावर अधिक अवलंबून असते. स्कॅननंतर पडद्यावर दोन आकडे उमटतात. 'सी.टी.डी.आय.' हे यंत्राच्या किरणोत्सर्जनाचे माप, मिलिग्रेमध्ये. त्यास स्कॅनच्या लांबीने गुणले की 'डी.एल.पी.' मिळतो. फुप्फुसाच्या चाळणी-तपासणीसाठी मध्यम बांध्याच्या प्रौढास पहिला आकडा ३ मिलिग्रेपेक्षा अधिक नसावा, असा अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीचा दंडक आहे.

परंतु हा आकडा रुग्णाच्या देहातला नसून ॲक्रिलिकच्या दंडगोलातला असतो. प्रौढांच्या धडासाठी ३२ सें.मी. व्यासाचा दंडगोल धरतात. मुलांसाठी काही यंत्रे १६, तर काही ३२ सें.मी.चा धरतात. किरण तेवढेच असूनही १६चा आकडा जवळजवळ दुप्पट दिसतो. येथे मी स्वतः चुकलो आहे. एका बालकाचे दोन अहवाल शेजारी ठेवून मी एका केंद्रास बोल लावला. रेडिऑलॉजिस्ट मित्राने दंडगोलाचा व्यास दाखविल्यावर मला दूरध्वनी करून क्षमा मागावी लागली.

बालकाच्या लहान देहास तेच किरण अधिक लागतात आणि पुढे आयुष्यही दीर्घ असते. २०१२ सालच्या ब्रिटिश अभ्यासात बालपणीच्या सी.टी.नंतर रक्ताचा कर्करोग व मेंदूच्या गाठी यांची जोखीम वाढल्याचे दिसले. प्रत्यक्ष प्रमाण अत्यल्प असले तरी. म्हणून गरज असेल तर सी.टी. निःशंकपणे करावा; पण मांडणी बालकाच्या वजनाप्रमाणे असावी, हवा तेवढाच भाग घ्यावा, आणि अहवालावर मात्रा व दंडगोल दोन्ही नोंदवून मागावेत.

आजोबांना मी छातीच्या तज्ज्ञांकडे पाठविले. नातवाचे साध्या एक्स-रेवर व क्षयाच्या तपासणीवर भागले. बिडीचा धूर मात्र दोघांच्याही छातीत जात होता. तो थांबविण्यास कोणत्याही स्कॅनची आवश्यकता नव्हती.