किंबर्लीच्या खाणी व ‘सदृश’ शब्दाचा वाद

खाणीची मालकी पालटते ती खाणीच्या तोंडाशीं नव्हे, भागधारकांच्या नोंदवहींत. त्या वहींत ज्याच्या नांवावर मोठा आंकडा असतो, त्याच्या संमतीवांचून बाहेरच्याची खरेदीची मागणी सहसा तडीस जात नाहीं. मात्र या सामर्थ्यासही कंपनीच्या घटनापत्राची मर्यादा असते. दक्षिण आफ्रिकेंतील किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींचा इतिहास या दोन्ही गोष्टी स्पष्ट करतो.

१८८७ सालीं तेथें दोन पक्ष प्रबळ होते: डी बीअर्स कंपनीचा सेसिल ऱ्होड्स व किंबर्ली सेंट्रल कंपनीचा बार्नी बार्नाटो. सेंट्रलच्याच खाणींत एका फ्रेंच कंपनीचाही वांटा होता. ऱ्होड्सनें लंडनच्या रॉथशिल्ड पेढीच्या साह्यानें ती कंपनी १४ लक्ष पौंडांस मागितली; बार्नाटोनें त्याहून अधिक किंमत देऊं केली. तेव्हां ऱ्होड्सनें ती स्वतः घेऊन सेंट्रललाच विकली, व मोबदल्यांत ३ लक्ष पौंड आणि सेंट्रलचे सुमारें एक-पंचमांश शेअर घेतले. वरकरणीं हा बार्नाटोचा विजय. वस्तुतः प्रतिपक्षाच्या नोंदवहींत ऱ्होड्सचा शिरकाव झाला. पुढें बाजारांतून शेअर घेत त्याच्या पक्षानें बहुमत मिळविलें. १८८८ च्या मार्चांत डी बीअर्स कन्सॉलिडेटेड ही नवी कंपनी स्थापन झाली. बार्नाटोनें आपले शेअर तिच्या शेअरांशीं बदलून घेतले व तो तिचा तहहयात गव्हर्नर झाला.

येथें कांहीं भागधारक आडवे आले. सेंट्रलच्या घटनापत्रान्वयें तिचें एकीकरण केवळ ‘सदृश’ कंपनीशींच होऊं शकत होतें. १८८८ च्या ऑगस्टांत केप वसाहतीच्या सर्वोच्च न्यायालयांत या शब्दाच्या अर्थाचा निर्णय झाला. नव्या कंपनीचे अधिकार प्रदेश संपादणें व फौज बाळगणें येथपर्यंत पोंचत होते. अशी कंपनी केवळ खाण चालविणाऱ्या कंपनीस सदृश नव्हे, असें ठरलें.

मोठ्या भागधारकांनीं मग दुसरा मार्ग धरला. एकीकरणास प्रतिबंध होता, विसर्जनास नव्हता. सेंट्रलचें विसर्जन करण्यांत आलें, आणि १८ जुलै १८८९ च्या चेकानें डी बीअर्सनें तिची मालमत्ता ५३,३८,६५० पौंडांस घेतली. सेंट्रलचे बहुसंख्य शेअर खरेदीदाराच्याच पक्षाकडे असल्यामुळें या रकमेचा मोठा अंश त्याच पक्षाकडे परतणारा होता. एका शब्दानें बहुमतास थोपविलें, परंतु रोखलें नाहीं.

जुन्या कंपन्यांचीं सचित्र शेअरपत्रें संग्राहकांस प्रिय असतात. परंतु कोणी कोणास कसें गिळलें हें पाहावयाचें असल्यास रुक्ष घटनापत्र व भागधारकांची नोंदवही हींच अस्सल साधनें होत. चेक हें त्या प्रकरणाचें केवळ शेवटचें पान.