डब्यातली पावडर की शिवारातले सोयाबीन?

वाशिमच्या शिवारात पिकणाऱ्या सोयाबीनच्या १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे ३६ ग्रॅम प्रथिने असतात. तरीही जिममध्ये जाणारी मुले महागड्या पावडरीच्या डब्यांवर पैसे घालतात. स्नायू वाढतात ते वजने उचलण्याच्या व्यायामाने. प्रथिने त्याला फक्त माल पुरवतात. असा व्यायाम करणाऱ्यांना शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात. म्हणजे ६० किलोच्या तरुणाला ९६ ग्रॅम. डाळी, दूध, अंडी, सोयावडी आणि नीट शिजवलेले सोयाबीन यांतून ती भागू शकतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ मध्ये शरीर कमावण्यासाठी प्रथिन पावडर टाळण्याचा सल्ला दिला. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडूच नये.