मांजराच्या पिल्लाला तीनदा लस कशासाठी?

आमच्या वसाहतीतल्या एका शाळकरी मुलाने दोन महिन्यांचे मांजराचे पिल्लू पाळले होते. घरच्यांनी त्याला रीतसर लस टोचून आणली. तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा द्यायची होती, पण ‘एकदा टोचली आहे ना’ म्हणून ती राहून गेली. पुढे महिन्याभरात उलट्या-जुलाब होऊन पिल्लू दोन दिवसांत दगावले. पशुवैद्यांनी निदान केले पॅनल्युकोपेनियाचे, म्हणजे ज्याची लस दिली होती त्याच रोगाचे! ‘मग लशीचा उपयोग काय?’ हा त्या मुलाचा प्रश्न आम्हाला रास्त वाटला.

हा रोग पार्व्होव्हायरस कुळातल्या विषाणूमुळे होतो. भराभर विभागणाऱ्या पेशींतच हा विषाणू वाढतो. त्यामुळे आतड्याचे अस्तर आणि अस्थिमज्जा यांवर त्याचा घाला पडतो. अस्तर झडते, रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात आणि आतड्यातले जिवाणू रक्तात शिरतात. गाभण मांजरीला संसर्ग झाला तर पोटातल्या पिल्लांच्या लहान मेंदूची वाढ खुंटते; अशी पिल्ले जगली तरी जन्मभर झोकांड्या देत चालतात.

या रोगाच्या नेहमीच्या लशीत दुर्बळ केलेला जिवंत विषाणू असतो. तो पिल्लाच्या शरीरात थोडा वाढला, तरच प्रतिकारशक्ती जागी होते. पण पिल्लाने जन्मल्यावर पहिल्या दिवशी आईचा चीक प्यायलेला असतो. त्यातून आलेली प्रतिपिंडे सुरुवातीचे काही आठवडे त्याचे रक्षण करतात, आणि तीच लशीतल्या विषाणूलाही निकामी करतात.

ही प्रतिपिंडे साधारण दहा दिवसांत निम्मी होतात. किरणोत्सारी पदार्थांच्या अर्धायुष्याचेच हे गणित आहे, वर्गात फळ्यावर सहज मांडता येईल. समजा, एका पिल्लाला आईकडून ६४० एकके मिळाली आणि दुसऱ्याला ८०. आता ६४० चे ३२०, मग १६०, मग ८०. म्हणजे दुसरे पिल्लू जिथून सुरू झाले तिथे यायला पहिल्याला ३० दिवस लागतात. एकाच वेतातल्या भावंडांतही असा फरक असू शकतो, आणि तो बाहेरून दिसत नाही. त्यातून मधले काही दिवस असे येतात, की उरलेली प्रतिपिंडे रोगाचा विषाणू अडवायला अपुरी, पण लस निकामी करायला पुरेशी असतात. आमच्या त्या पिल्लाची लस अशीच वाया गेली असावी.

म्हणून ६ ते ८ आठवड्यांच्या वयात सुरुवात करून दर तीन-चार आठवड्यांनी लस देतात, आणि शेवटची मात्रा १६ आठवड्यांच्या आधी देत नाहीत. पॅनल्युकोपेनियापुरते बोलायचे तर या मात्रा म्हणजे पहिल्या लशीला दिलेला जोर नव्हे. ते एकाच कामाचे पुन्हा पुन्हा केलेले प्रयत्न आहेत. त्यांतला एक लागू पडला की झाले. यांतूनही कोणी सुटले असेल म्हणून सहा महिन्यांच्या सुमारास आणखी एक मात्रा द्यावी, असे आता सुचवले जाते.

त्याच इंजेक्शनात हर्पीस आणि कॅलिसी या विषाणूंचीही लस असते. शिंका, चिकटलेले डोळे, तोंडातले व्रण ही त्यांची लक्षणे. ही लस संसर्ग पुरता रोखत नाही, आजार सौम्य करते. हर्पीसचा विषाणू चेतापेशींत जन्मभर दडून बसतो, आणि कॅलिसीचे प्रकार फार. तेव्हा लस दिलेले मांजर शिंकले तर लशीला बोल लावू नये.

रेबीजची लस वेगळी, मृत विषाणूची. ती साधारण १२ आठवड्यांनंतर देतात. आपल्या देशात ती टाळणे म्हणजे घरातल्या मुलांचाही जीव धोक्यात घालणे होय. मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. रेबीजच्या विषाणूला मेदाचे आवरण असते, ते साबणाने फुटते.

पॅनल्युकोपेनियाच्या विषाणूला असे आवरणच नाही. साबणाला किंवा स्पिरिटला तो दाद देत नाही आणि घरात वर्षभरही टिकू शकतो. त्या मुलाला लगेच दुसरे पिल्लू आणायचे होते. फरशी ब्लीचच्या पाण्याने पुसून घ्या, जुनी टोपली टाकून द्या आणि सगळ्या मात्रा पूर्ण झालेले मांजरच आणा, असे आम्ही त्याच्या आईला सांगितले.