समुद्रासमोरचं रेल्वे फाटक

फाटकाची घंटा वाजू लागते. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे दांडे खाली येतात आणि उतारावर उभ्या असलेल्या सगळ्यांचे हात एकदम वर जातात. प्रत्येक हातात फोन आहे. डावीकडून हिरवी गाडी संथपणे येते आणि क्षणभर समोरचा समुद्र झाकला जातो. गाडी पुढे सरकते, पाणी पुन्हा चमकू लागतं. आपल्याकडे फाटकापाशी थांबलेली माणसं गाडी कधी जाते याची वाट बघतात. इथं सगळे ती कधी येते याची वाट बघत आहेत.

हे कामाकुराकोकोमाए स्थानकाजवळचं फाटक. टोकियोच्या दक्षिणेला, कानागावा प्रांतात, फुजिसावा ते कामाकुरा अशी दहा किलोमीटरची एनोदेन रेल्वे धावते. पंधरा स्थानकं आणि एकेरी रूळ. वर टेकडीवर शाळा, खाली रूळ, रुळांपलीकडे मोटाररस्ता आणि त्याला लागून सागामीचा उपसागर. या वळणावर ना देऊळ आहे, ना किल्ला. तरीही नोव्हेंबरातल्या या साध्या कामाच्या दिवशी दुपारी इथं पाय ठेवायला जागा नाही.

“मावशी, थोडी मागे ये. तिथून खांब मध्ये येतो,” भाची मला दंडाला धरून मागे घेते. ती योकोहामात वाढते आहे आणि शाळेच्या बास्केटबॉल संघात खेळते. मला इथं घेऊन येण्याचा हट्ट तिचाच. ‘स्लॅम डंक’ या मांगावरची, म्हणजे जपानी चित्रकथेवरची, टीव्ही मालिका १९९३ ते १९९६ या काळात चालली. तिच्या सुरुवातीच्या गाण्यात कथेचा नायक, लाल केसांचा हानामिची साकुरागी, याच फाटकापाशी उभा असतो आणि रुळांपलीकडे त्याला आवडणारी हारुको दिसते. काही सेकंदांचंच दृश्य, पण त्यासाठी ही सगळी माणसं इथं आली आहेत.

आमच्या पुढे पाच तरुण लाल जर्सी घालून ओळीत उभे राहतात. पाठीवर ४, ७, १०, ११ आणि १४. “हा साकुरागीचा अख्खा शोहोकू संघ आहे,” भाची सांगते. मुलं तैवानची आहेत. जरा बाजूला चाळिशीतला एक चिनी गृहस्थ आपल्या मुलाला साकुरागी कुठे उभा होता ते बोटानं दाखवतो आहे. स्वतः त्यानं ती मालिका शाळेत असताना पाहिली आणि मुलानं अलीकडे चित्रपट पाहिला, असं तो मोडक्या इंग्रजीत सांगतो. तो चित्रपट, ‘द फर्स्ट स्लॅम डंक’, मूळ चित्रकथेचे निर्माते ताकेहिको इनोउए यांनी स्वतः लिहून दिग्दर्शित केला. डिसेंबर २०२२ मध्ये तो जपानमध्ये लागला, एप्रिल २०२३ मध्ये चीनमध्ये, आणि इथल्या गर्दीला नवं भरतं आलं.

गणवेशातला रक्षक पुढे होतो. उतारावरून एक मोटार येते आहे. तो दोन्ही हात पसरून गर्दीला कडेला सारतो, वाकून विनंती करतो, पुन्हा विनंती करतो. महापालिकेला इथं माणसं नेमावी लागली आहेत, कारण फोटोच्या नादात लोक थेट रस्त्यावर येतात. भाजीची पिशवी घेतलेल्या एक आजी वाट मिळण्याची वाट बघत थांबल्या आहेत. इतक्यात वरची शाळा सुटते. मुलं गर्दीतून वाट काढत, इकडे तिकडे न बघता स्थानकाकडे निघून जातात.

आम्हीही फलाटावर येऊन समुद्राकडे तोंड करून बाकावर बसतो. भाची दप्तरातून ‘स्लॅम डंक’चा शेवटचा, ३१वा खंड काढते. “हे बघितल्याशिवाय तुला ती गर्दी कळणार नाही,” म्हणते.

इनोउए यांनी १९९० मध्ये ‘वीकली शोनेन जंप’मध्ये ही कथा सुरू केली. ते स्वतः शाळेत बास्केटबॉल खेळले होते, पण जपानमध्ये तेव्हा या खेळाला फारसा मान नव्हता. कथेच्या सुरुवातीला साकुरागीला तर खेळातलं काहीच येत नाही. हारुकोवर छाप पाडायला तो संघात शिरतो आणि इतर खेळत असताना कोपऱ्यात बसून चेंडू आपटण्याचा सराव करतो. पुढे उन्हाळ्यात वीस हजार वेळा चेंडू बास्केटकडे फेकण्याचा सराव त्याच्या वाट्याला येतो. चमत्कार नाही, जादूची शक्ती नाही. १९९६ मध्ये कथा संपली तेव्हा देशभरातल्या शाळांत बास्केटबॉलला मुलांची रीघ लागलेली होती. आजवर १७ कोटींहून अधिक प्रती छापल्या गेल्या आहेत.

भाची पानं उजवीकडून डावीकडे उलटते. बलाढ्य सान्नो संघाविरुद्धचा सामना शेवटच्या सेकंदांत आला आहे. पानांवर आता एकही संवाद नाही. बुटांचे तळवे, घामानं चिकटलेले केस, ताणलेली बोटं, हवेतला चेंडू. चौकटी तुटक आणि तिरप्या होतात, आता मीच अधिकाधिक वेगानं पानं उलटू लागते. मला जपानी येत नाही, तरी एकही क्षण सुटत नाही. शोहोकू एका गुणानं जिंकतो. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे साकुरागी आणि त्याच्याच संघातला रुकावा एकमेकांच्या तळहातावर थाप मारतात. या एका थापेला इनोउए यांनी समोरासमोरची दोन पानं दिली आहेत. माझ्या अंगावर काटा येतो.

“आणि पुढचा सामना?” मी विचारते.

“हरतात. वाईट हरतात. ते इनोउएंनी एका ओळीत सांगून टाकलंय,” ती म्हणते. “मला तेच आवडतं. आमचा संघपण पुष्कळदा हरतो.”

पुण्यात माझा मुलगा हीच कथा इंग्रजीत वाचतो. रुकावा मोठा की त्याच संघातला मियागी, यावरून तो आणि भाची व्हिडिओ कॉलवर तावातावानं भांडतात. योकोहामातल्या आणि पुण्यातल्या या दोन मराठी मुलांना एका जपानी चित्रकारानं बोलायला समान विषय दिला आहे.

यशानंतर इनोउए यांनी काय केलं, तेही इथं सांगायला हवं. दहा कोटी प्रतींचा टप्पा ओलांडल्यावर, २००४ मध्ये, त्यांनी याच प्रांतातल्या मिसाकी इथल्या बंद पडलेल्या शाळेत २३ फळ्यांवर खडूनं कथेचा पुढचा भाग चितारला आणि वाचकांचे आभार मानले. २००६ मध्ये मानधनाचा काही भाग घालून ‘स्लॅम डंक शिष्यवृत्ती’ सुरू झाली. तिच्यामुळे जपानी मुलं अमेरिकेतल्या शाळेत शिकायला आणि खेळायला जाऊ लागली. वाचकांकडून आलेला पैसा खेळणाऱ्या मुलांकडे गेला.

मांगाचा प्रभाव म्हटलं की आपण बाहुल्या, टी-शर्ट आणि रंगीत केसांचे टोप मोजतो. मला तो या गर्दीपेक्षा, हरूनही दुसऱ्या दिवशी सरावाला जाणाऱ्या माझ्या भाचीत जास्त दिसतो. स्वस्त कागदावर दर आठवड्याला छापल्या गेलेल्या चित्रांनी तिला सरावाची गोडी लावली. चित्रकथा हे लहान मुलांचं खेळणं आहे, असं अजूनही मानणाऱ्या प्रत्येक मराठी पालकानं ‘स्लॅम डंक’चा एक तरी खंड मुलाशेजारी बसून वाचावा.

आणि इथं येणार असाल तर पुस्तक वाचूनच या. फोटो पदपथावरूनच काढा, रस्त्यावर उतरू नका. हा रस्ता इथं राहणाऱ्या माणसांचा आणि शाळेत जाणाऱ्या मुलांचा आहे.