रत्नागिरीत बिऱ्हाड हलवताना: समुद्राजवळची वस्ती कशी निवडावी

रत्नागिरीला बदली झाली की मुलांची पहिली मागणी ठरलेली असते: घर समुद्राजवळ हवं. मागणीत गैर काही नाही. फक्त सुट्टीत चार दिवस खोली घेणं वेगळं आणि शाळा, नोकरी, आजी-आजोबा यांच्यासकट संसार मांडणं वेगळं. इथे वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. वस्ती निवडायची ती या चार महिन्यांकडे बघून. हिवाळ्यात कुठलीही वस्ती छानच दिसते. म्हणून पुढच्या पायऱ्या याच क्रमाने घ्याव्यात.

पहिली पायरी: शहराचा चढउतार समजून घेणं

नकाशात रत्नागिरी सपाट दिसते, प्रत्यक्षात ती दोन मजली आहे. वर जांभ्या दगडाचं पठार, ज्याला इथे सडा म्हणतात. खाली किनारा आणि खाडी. मारुती मंदिर, शिवाजीनगर, साळवी स्टॉप, थिबा पॅलेसचा परिसर हा वरचा भाग. टिळक आळी, राम आळी ही जुनी बाजारपेठेची वस्ती उतारावर. मांडवी, मुरुगवाडा, पांढरा समुद्र, मिऱ्या हा खालचा, समुद्रालगतचा पट्टा. मिरकरवाडा आणि राजिवडा या मच्छीमारांच्या वस्त्या. नाचणे, कुवारबाव, शिरगाव हे शहराबाहेर वाढलेले भाग, आणि काजळी नदीच्या खाडीवरचा पूल ओलांडला की भाट्ये.

इथे पहिली गफलत होते. नकाशावर दोन जागांमधलं अंतर अर्धा किलोमीटर दिसतं, पण मध्ये उभी घाटी किंवा पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट असते. गुडघे दुखणाऱ्या आजींना ती रोज चढवणार नाही. ओल्या शेवाळावरून शाळेची पिशवी घेऊन उतरणं मुलांनाही सोपं नाही. घर पाहायला जाताना शेवटचा टप्पा गाडीतून उतरून चालावा.

दुसरी पायरी: रोजच्या फेऱ्यांची यादी

घराच्या जाहिराती बघण्याआधी कागदावर पाच ठिकाणं लिहावीत: नोकरीची जागा, शाळा, दवाखाना, भाजी-मासळी बाजार आणि स्टेशन. फाटक, पटवर्धन, शिर्के ही नावाजलेली हायस्कुलं आणि गोगटे-जोगळेकर महाविद्यालय शहरातच आहेत. औद्योगिक वसाहत मिरजोळ्याकडे, तर कोकण रेल्वेचं स्टेशन शहरापासून काही किलोमीटर लांब, कुवारबावच्या बाजूला आहे.

म्हणजे नोकरी मिरजोळ्याला आणि घर मांडवीला असेल, तर रोज सगळं शहर आडवं ओलांडायचं, तेही पावसात दुचाकीवरून. मुलांच्या शाळेची गाडी घराच्या दाराशी येते की वरच्या नाक्याला थांबते, हे शाळेतच विचारावं. घरमालक सांगतो ते त्याच्या सोयीचं असतं.

दवाखान्याचा विचार थोडा अधिक करावा. जिल्हा शासकीय रुग्णालय शहरात आहे. मात्र गुंतागुंतीच्या उपचारांसाठी अनेक कुटुंबं कोल्हापूर गाठतात. ते साधारण 130 किलोमीटर, वाटेत आंबा घाट, आणि पावसाळ्यात घाटात दरड कोसळण्याचा धोका. घरात हृदयरोगी किंवा तान्हं बाळ असेल तर डॉक्टर रात्री किती वाजेपर्यंत असतात, ते आधीच माहीत करून घ्यावं.

तिसरी पायरी: भरतीची वेळ काढून जाणं

समुद्रालगतचं घर पाहण्यात सर्वांत मोठी चूक होते ती वेळेची. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचं अंतर असतं, म्हणून भरतीची वेळ रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. मच्छीमारांचा जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल ती भरतीची ढोबळ वेळ. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी साडेचारच्या सुमारास भरती.

अमावास्या आणि पौर्णिमेला, आणि त्यानंतरचा दिवस-दोन दिवस, भरती सर्वांत मोठी असते. तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास पाणी फारसं चढत नाही, तो भांग.

आता हाच हिशोब पौर्णिमेला लावून पाहावा. पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. म्हणजे उधाणाची भरती भर दुपारी आणि मध्यरात्री येते, आणि संध्याकाळी पाच-सहाला ओहोटी असते. आपण मात्र जागा बघायला संध्याकाळी जातो. त्या वेळी समुद्र अगदी लांब गेलेला, वाळू रुंद पसरलेली, मुलं खेळताहेत. दलालालाही हीच वेळ आवडते. आपण मात्र अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बारा वाजता जावं आणि पाणी कुठवर येतं ते स्वतः पाहावं. शक्य झालं तर जून-जुलैतलं उधाण पाहावं. सुकलेल्या शेवाळाची, काटक्या-प्लास्टिकची रेघ वाळूवर कुठे आहे, तेही बघावं. मोठं पाणी तिथवर येऊन गेलेलं असतं.

चौथी पायरी: किनारा सरकतो आहे का?

काही ठिकाणी समुद्र नुसता येऊन परत जात नाही, जमीन घेऊन जातो. याला धूप म्हणतात. मिऱ्या ते पांढरा समुद्र या पट्ट्यात ही धूप वर्षानुवर्षं चालू आहे आणि ती रोखायला धूपप्रतिबंधक बंधारा घालावा लागला. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा ‘बसरा स्टार’ हे जहाज भरकटून मिऱ्याच्या किनाऱ्याला येऊन अडकलं. त्या किनाऱ्यावर लाटांचा जोर केवढा असतो, याचा यावरून अंदाज यावा. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेलं.

बंधारा दिसला की दोन प्रश्न विचारावेत: तो कधी घातला, आणि त्याआधी पाणी कुणाच्या अंगणात आलं होतं? हे घरमालकाऐवजी शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारावं. उत्तर अंगण, माडाचं झाड, विहीर अशा खुणांनी मिळालं तर ते खरं धरावं.

खाडीकाठचा हिशोब वेगळा. वरच्या भागात मुसळधार पाऊस झाला की काजळी नदी फुगते, चांदेराईसारख्या ठिकाणी बाजारात पाणी शिरतं. तो लोंढा खाडीत उतरताना समोर भरती असेल, तर पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि ते काठावर चढतं. वस्तीतला वहाळ किंवा पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा, कुठून जातो आणि त्यावर बांधकाम झालंय का, हेही बघावं.

पाचवी पायरी: पाणी

समुद्राकाठी पाणी विकत घ्यावं लागेल, हे अनेकांना मे महिन्यात कळतं. इतका पाऊस पडूनही जांभा तो धरून ठेवत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये टंचाई जाणवते. नळाला पाणी किती वाजता, किती वेळ, आणि मे महिन्यात रोज की दिवसाआड, असे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. ‘पाण्याचा काही प्रश्न नाही’ हे उत्तर मोजू नये.

विहीर किंवा बोअर असेल तर आणखी खोलात जावं. किनाऱ्यालगत जमिनीखाली खारं पाणी असतं आणि पावसाचं गोडं पाणी हलकं असल्यामुळे दुधावर साय धरावी तसं त्यावर राहतं. पंपाने फार उपसा केला की खालचं खारं पाणी वर चढतं. मग पाणी मचूळ लागतं, साबणाला फेस येत नाही, डाळ शिजायला वेळ लागतो.

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं छोटं टीडीएस यंत्र काही शे रुपयांत मिळतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकानुसार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंतचं प्रमाण चांगलं. दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. मात्र हे यंत्र जंतू दाखवत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेची तपासणी लागते.

सहावी पायरी: घर तपासणं

खारं वारं लोखंड खातं. काँक्रीटच्या आतल्या सळईपर्यंत क्षार पोचले की सळई गंजते, गंजताना फुगते आणि वरचं काँक्रीट फोडते. ही खूण बाल्कनीच्या खालच्या बाजूला दिसते: फुगलेला गिलावा, त्यातून उतरलेला तपकिरी ओघळ. घराला नुकताच रंग दिला असेल तर जिन्याची खालची बाजू, गच्चीवरच्या टाकीचे खांब आणि मीटरची पेटी बघावी. रंगारी सहसा तिथवर जात नाही.

पुढे पश्चिमेची भिंत. पाऊस इथे नुसता वरून पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो. त्या झडीने पश्चिमेच्या खिडक्यांतून पाणी आत येतं. खिडकीवर पुरेसा रुंद छज्जा आहे का, चौकट लाकडी आहे की ॲल्युमिनियमची, आतल्या भिंतीवर ओल किंवा काळे ठिपके आहेत का, कपाटाला कुबट वास येतो का, हे पाहावं. जुलैत कपडे कुठे वाळतात, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण शाळेचे गणवेश रोज धुवायचे असतात. आत वारा खेळणारी पडवी किंवा झाकलेली गॅलरी असेल तर निम्मी चिंता मिटते.

सड्यावरच्या घरांना भरतीचं भय नाही, पण वारा तिथे थेट लागतो. पत्र्याचं छप्पर, सौर पॅनेल, टाकीचं झाकण घट्ट आहे का, बघून घ्यावं. वादळवाऱ्यात वीज किती वेळ जाते, तेही शेजाऱ्यांकडून कळतं.

सातवी पायरी: मुलं आणि समुद्र

दारात समुद्र असला की मुलं दिवसातून दोनदा पाण्यात जायचा हट्ट करणार. लाटांचं पाणी काही ठिकाणी अरुंद पट्ट्यातून जोरात परत फिरतं, त्याला पाण्याची ओढ म्हणतात. वरून ती जागा उलट शांत दिसते. ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये, किनाऱ्याला समांतर सरकत तिच्याबाहेर पडावं. पावसाळ्यात पाण्यात उतरायचंच नाही, हा नियम घरात पहिल्याच दिवशी करावा. कुठल्या जागी उतरू नये, हे मच्छीमारांइतकं कुणालाच नेमकं माहीत नसतं.

मिरकरवाड्यासारख्या बंदराजवळ राहायचं तर पहाटेची वर्दळ, लिलावाचा गलका आणि मासळीचा वास गृहीत धरावा. ते लोकांचं कामाचं ठिकाण आहे. ताज्या मासळीच्या लोभाने घर घेणाऱ्यांनी तिथे एक पहाट काढून बघावी.

आठवी पायरी: कागद

भाड्याने घेत असाल तर लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. गळती आणि पंपाची दुरुस्ती कुणी करायची, ते करारात लिहून घ्यावं, कारण भांडणं त्यावरूनच होतात.

विकत घेत असाल तर सीआरझेड तपासावा. सीआरझेड म्हणजे किनाऱ्यालगतचा बांधकामावर निर्बंध असलेला पट्टा. समुद्राच्या भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंत तो लागू होतो, खाडीकाठीही वेगळ्या मापाने लागतो. आज घर उभं आहे म्हणजे उद्या खोली वाढवता येईल असं नाही. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, नगरपरिषदेची परवानगी आणि नव्या इमारतीची महारेरा नोंदणी वकिलाकडून पाहून घ्यावी.

शेवटची पायरी: निर्णय

बहुतेक कुटुंबांसाठी सोपा मार्ग असा. पहिलं वर्ष सड्यावर किंवा शाळेजवळ भाड्याने काढावं. मारुती मंदिराहून मांडवी काही फार लांब नाही, संध्याकाळी रिक्षाने सहज जाऊन येता येतं. तेवढ्यात एक पावसाळा आणि एक मे महिना अनुभवून होतो, शेजारी ओळखीचे होतात, आणि कुठल्या आळीत पाणी येतं, कुठली विहीर आटते हे न विचारताच कळायला लागतं.

त्यानंतरही किनाऱ्यालगतच राहायचं ठरलं, तर जरूर राहावं. तिथेही पिढ्यान्‌पिढ्या लोक राहत आले आहेत. फक्त दर वर्षी मे महिन्यात कौलं परतणं, लोखंडाला रंग देणं आणि पश्चिमेच्या खिडक्या झाकणं, याचा खर्च भाड्याच्या किंवा हप्त्याच्या आकड्यात आधीच मिळवावा. तो मिळवूनही घर परवडत असेल तर खुशाल सही करावी.