जादा म्हणजे फाजील नव्हे

बँकेतल्या नोकरीत एका इंग्रजी शब्दानं मला चांगलंच तोंडघशी पाडलं. साल होतं १९९९. तालुक्याच्या गावातली आमची शाखा नुकतीच संगणकावर गेली होती. काउंटरवरचे सगळे संगणक ज्या एका यंत्राला जोडलेले, तो सर्व्हर जुन्या खातेवह्यांच्या खोलीत विराजमान झाला होता. शाखेतली एकमेव एसी खोली त्याची! आमचा शिपाई चप्पल बाहेर काढूनच आत जाई.

सर्व्हरच्या कोटेशनमध्ये एक ओळ होती : 'रिडंडंट पॉवर सप्लाय'. वरच्या कार्यालयातल्या साहेबांनी तिच्यावर लाल रेघ मारली आणि शेरा लिहिला, 'अनावश्यक असेल तर घ्यायचा कशाला?' शब्दकोशाप्रमाणे साहेबांचं बरोबरच होतं. मंजुरीचं टिपण माझं होतं. त्या शब्दाचा खुलासा मी केला नव्हता, कारण मलाही तो ठाऊक नव्हता.

सर्व्हरच्या दुनियेत 'रिडंडंट' म्हणजे अडीअडचणीसाठी मुद्दाम ठेवलेला जादा. बाहेरची वीज घेऊन आतल्या भागांना हवी तशी पुरवणारा डबा म्हणजे पॉवर सप्लाय. चांगल्या सर्व्हरला असे दोन डबे असतात. एक गेला तर दुसरा एकटा भार उचलतो. यंत्र चालू ठेवूनच बिघडलेला डबा ओढून काढायचा आणि नवा सरकवायचा, याला म्हणतात 'हॉट स्वॅप'. इथं 'हॉट' म्हणजे गरम नव्हे, वीज चालू असलेला.

डिस्कचंही तसंच. १९८८ साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध लिहिला. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधाव्यात, म्हणजे एक मेली तरी बाकीच्यांवरून तिच्यातली माहिती पुन्हा उभी करता येईल, असा त्यातला विचार. या रचनेचं नाव 'रेड', आणि त्यातलं पहिलं अक्षर याच 'रिडंडंट'चं. एकच नोंद दोन डिस्कवर ठेवणं म्हणजे 'मिररिंग'. पण आरसा तो आरसाच. चुकून खोडलेली नोंद आरशातूनही जाते. म्हणून 'बॅकअप' वेगळा घ्यायचा आणि दुसऱ्या जागी ठेवायचा.

हे सारं ज्ञान मला झालं ते एका पेन्शनच्या दिवशी. सकाळी त्या थंड खोलीतून जळका वास आला. आमचा एकुलता एक पॉवर सप्लाय गेला होता. शेजारी यूपीएस शाबूत, बॅटऱ्या भरलेल्या. पण घास तयार असून गिळणारा घसाच बंद! नवा डबा पुण्याहून दुसऱ्या दिवशी येणार होता. बाहेर काठ्या टेकत पेन्शनरांची रांग लागलेली.

तेव्हा पुढे झाले आमचे लेजरचे जुने कारकून. संगणक आल्यापासून त्यांना काम असं उरलं नव्हतं. रोज संध्याकाळी सगळ्या खात्यांची शिल्लक छापून घ्या, हा त्यांचा हट्ट. कागद वाया जातो, ही आमची कुरकुर. त्या दिवशी त्यांनी तीच यादी टेबलावर पसरली. सह्या त्यांना तोंडपाठ. पासबुकात हातानं आकडे मांडत त्यांनी रांग संपवली. एकही म्हातारं माणूस रिकाम्या हातानं परतलं नाही. दुसऱ्या दिवशी नोंदी यंत्रात चढवल्या, तेव्हा एका पैशाचा फरक आला नाही.

२०००-०१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती योजना आली. माणसं जादा झाली आहेत, असं जो तो बोलत होता. त्यांनीही अर्ज भरला. निरोप समारंभात मी संगणकयुगावर भाषण ठोकलं. त्या दिवसाबद्दल बोलायचं राहूनच गेलं.

आज बँकांची खाती मोठमोठ्या डेटा सेंटरमध्ये असतात. तिथं जोडीजोडीनं पॉवर सप्लाय, जादा डिस्क, वर दुसऱ्या गावी आणखी एक केंद्र तयार. या जादा सामानावर आता कुणी लाल रेघ मारत नाही. शब्दाचा अर्थ आम्ही शिकलो खरा, पण तो यंत्रांपुरताच.