धोक्याकडे तोंड

नदीचा प्रवास सर्वत्र सारखा नसतो. मैदानात ती संथ वाहते. परंतु डोंगर कापून जाताना तिचे रूप पालटते. पात्र अरुंद होते, उतार वाढतो आणि खडकांवर आदळणारे पाणी फेसाळून शुभ्र दिसू लागते. नदीच्या अशा खळाळत्या भागास द्रुतवाह म्हणतात. अमेरिकेतील कोलोरॅडो नदीवर, ग्रँड कॅन्यन नावाच्या प्रचंड घळईत, असे अनेक द्रुतवाह आहेत. ही घळई सुमारे ४४६ किलोमीटर लांब असून काही ठिकाणी दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे.

इ. स. १८६९ मध्ये जॉन वेस्ली पॉवेल या भूगर्भशास्त्रज्ञांनी या घळईचा शोध घेण्याचे ठरविले. यादवी युद्धात त्यांना उजवा हात गमवावा लागला होता. तरीही त्यांची जिद्द उणावली नव्हती. नऊ सोबती आणि चार लाकडी नावा घेऊन २४ मे रोजी ते ग्रीन रिव्हर या ठिकाणाहून निघाले. ग्रीन नदी पुढे कोलोरॅडोस मिळते.

या नावांतील वल्हेकरी जायच्या दिशेकडे पाठ करून बसत. संथ पाण्यात ही रीत उत्तम. कारण तीमुळे अंगातला सारा जोर वल्ह्यांवर पडतो. परंतु द्रुतवाहात मात्र ज्यांच्या हाती नाव असे, त्यांनाच समोरचे संकट दिसत नसे. पॉवेल सर्वांत पुढच्या नावेतून निशाण हालवून मागील नावांना इशारा देत. जून महिन्यात एका नावेला वेळीच किनारा गाठता आला नाही. ती खडकांवर आदळून फुटली. माणसे कशीबशी वाचली. पण पुष्कळ अन्नसामग्री वाहून गेली.

पुढे उपासमारीची वेळ आली. एक सोबती वाटेतच मोहीम सोडून गेला होता. २८ ऑगस्ट रोजी एक भयंकर द्रुतवाह पाहून आणखी तिघांनी पायी जाण्याचा निर्णय घेतला. ते कड्यावर चढून गेले. परंतु आपल्या माणसांत कधीच परतले नाहीत. उरलेले सहा जण दोन नावांतून तो द्रुतवाह पार करून गेले आणि २९ ऑगस्टला घळईबाहेर सुखरूप पोचले.

हे पाणी इतके धोकादायक का असते? लहान ओढ्यांना पूर येतो, तेव्हा ते मोठमोठे धोंडे वाहून आणतात व नदीच्या पात्रात टाकतात. त्यामुळे पात्र आवळले जाते आणि पाणी वेगाने धावू लागते. बुडालेल्या खडकावरून खाली कोसळताना ते खळगा पाडते आणि उलटून पुन्हा मागे येते. या उलट्या लाटेत सापडलेली नाव तेथेच अडकते किंवा उलथते. समुद्रात लाट पुढे सरकत जाते. येथे लाट जागच्या जागी उभी राहते आणि पाणी तिच्यातून धावत असते.

तथापि, नदी आपली वाटही दाखविते. द्रुतवाहाच्या मुखाशी पाण्याचा एक गुळगुळीत पट्टा जिभेप्रमाणे पुढे निमुळता होत जातो. बहुधा तोच नावेचा मार्ग असतो. मोठ्या खडकाच्या आडोशाला पाणी उलट वळते. तेथे नावेला क्षणभर विसावता येते. पण या खुणा पाहायच्या, तर डोळे समोर हवेत.

नथॅनिएल गॅलोवे या शिकाऱ्याने हे ओळखले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने हलक्या, सपाट तळाच्या नावा बांधल्या आणि द्रुतवाहात नावेचे मागचे टोक पुढे केले. त्यामुळे वल्हेकऱ्याचे तोंड धोक्याकडे झाले. आता वल्ही ओढली की नाव प्रवाहाच्या उलट खेचली जाई. ती पाण्याहून सावकाश चाले. म्हणून विचार करण्यास वेळ मिळे. नाव किंचित तिरकी धरून ओढली, की ती खडक टाळून बाजूला सरके. १९०९ साली ज्यूलियस स्टोन यांची मोहीम ग्रीन रिव्हरहूनच निघाली. गॅलोवे तिचा वाटाड्या होता. त्या मोहिमेत एकही जीव गेला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडी नावांच्या जोडीला हवा भरलेले रबरी तराफे आले. खडकावर आपटले तरी ते सहसा फुटत नाहीत. शिरस्त्राण आणि अंगावर तरंगते जाकीट यांमुळे प्रवास अधिक सुरक्षित झाला आहे. तरीही जाणते नावाडी अवघड द्रुतवाहाच्या अलीकडे थांबतात, काठाने चालत जाऊन पाणी निरखतात आणि मगच वल्ही हाती घेतात. मार्ग दिसला नाही, तर नाव काठाने नेण्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. नदीचे बळ माणसाच्या बळापेक्षा कितीतरी मोठे आहे. तिच्याशी झुंजून कोणी पार होत नाही; तिच्याकडे तोंड करून, तिची चाल ओळखूनच पैलतीर गाठता येतो.